चिअर्स, गंगावऱ्हे!

नाशिकजवळच्या धरणाकाठची दोन-तीन छोटी गावं आज मुंबईकरांचा हक्काचा वीकेंड अड्डा झाली आहेत. पण इथलं तळं आलं कुठून, द्राक्षं लावली कुणी आणि या गावांचं नशीब आपल्या हातातल्या ग्लासाशी कसं बांधलं गेलं? भटकंतीच्या आधी वाचावी अशी एक गोष्ट.

शुक्रवारची संध्याकाळ. चकाल्याच्या नाहीतर पवईच्या एखाद्या ऑफिसात कम्प्युटर बंद करता करता कुणीतरी हळूच पिल्लू सोडतं, ‘‘उद्या नाशिक?’’ आणि बघता बघता दोन गाड्या भरतात! मुलुंड, घाटकोपरवाल्यांची तर चैनच असते. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागायचं आणि थेट ठाण्याच्या पुढे. अंधेरी-बोरिवलीकरांना मात्र आधी घोडबंदर रोडचा ट्रॅफिक पचवावा लागतो. मग भिवंडी, शहापूर, कसारा घाट, इगतपुरी. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही सुरू झाला, त्यामुळे घाट टाळायचाही पर्याय आलाय.

नाशिकात शिरल्यावर गंगापूर रोड पकडायचा. कॉलेजं, हॉटेलं, टॉवर मागे पडतात. आनंदवल्ली, सोमेश्वर, गंगापूर गाव, आणि मग सावरगावकडे जाणारा रस्ता. आजूबाजूला टेकड्या, तारांवर चढवलेल्या वेलींच्या सरळ रांगा आणि त्यांच्या पलीकडे चमकणारं पाणी. गोवर्धन, गंगावऱ्हे आणि सावरगावची ही शिवारं. इंस्टाग्रामवर तुम्ही पाहिलेला तो सनसेट इथलाच!

फोटोत हे सगळं असं दिसतं, की वाटावं, शेकडो वर्षं इथे हेच चाललं असणार. तळं, उतारावरचे मळे, वाईन. एखाद्या युरोपियन सिनेमातलं गाव जसं. पण गंमत अशी, की यातलं काहीच जुनं नाही. तळं १९६५चं, वाईनची द्राक्षं १९९७ची आणि टेस्टिंग रूम २००५ची. म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं वय इथल्या पहिल्या वाईनच्या वेलीपेक्षा जास्त भरेल!

दोन पेशवे वाडे, एक रस्ता

नाशिककर गोदावरीला सरळ ‘गंगा’ म्हणतात. ‘‘गंगेवर जाऊन येतो’’ असं कुणी म्हणालं तर तो हरिद्वारला निघालेला नसतो, रामकुंडावर निघालेला असतो. म्हणूनच नदीच्या वरच्या अंगाला गंगापूर, गंगावऱ्हे, गंगाम्हाळुंगी अशी नावं सापडतात. तिथून आणखी वर गेलं की त्र्यंबकेश्वर आणि ब्रह्मगिरी. गोदावरीचा उगम तिथला.

या रस्त्यावर पेशवाईतलं एक मोठं नाट्य दडलंय. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांचं माधवरावांशी, म्हणजे पोटच्या मुलाशी पटेना, तेव्हा त्या पुण्यातला दरबार सोडून गंगापूरला येऊन राहिल्या. आणि त्याच रस्त्यावर, नाशिकच्या दिशेला काही मैलांवर, त्यांचे दीर रघुनाथराव यांचा मुक्काम असे. तिथल्या गावाचं जुनं नाव बदलून त्यांनी पत्नी आनंदीबाईच्या नावावरून आनंदवल्ली केलं. पुढे ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. मारला गेलेला गोपिकाबाईंचा मुलगा आणि ठपका रघुनाथराव-आनंदीबाईवर! आज गंगापूर रोडवरच्या सिग्नलला थांबलेल्या गाड्यांमधल्या किती जणांना माहीत असतं, की त्या दोन्ही घरांच्या मधून आपण चाललोय?

त्या काळात इथे वाईन वगैरे कुणाच्या स्वप्नातही नव्हती. डोंगराकडचा हा पट्टा भात, नागली आणि वरईचा. पाऊस भरपूर, पण उतारावर पडलेलं पाणी थांबायचं नाही. बाकी सगळं गवताचं रान.

तळं म्हणजे धरण

मग आलं गंगापूर धरण. स्वातंत्र्यानंतर राज्यात बांधल्या गेलेल्या सुरुवातीच्या मोठ्या मातीच्या धरणांपैकी हे एक. जवळजवळ चार किलोमीटर लांबीचा बांध, १९६५मध्ये पूर्ण झालेला. आज त्यात साधारण साडेपाच टीएमसी पाणी मावतं. बाल्कनीत बसून आपण ज्याला ‘लेक व्ह्यू’ म्हणतो, ते हे पाणी.

आणि पाण्याखाली काय आहे? नदीकाठची जमीन. नदीकाठची म्हणजे गावातली सगळ्यात चांगली, काळी, ओलावा धरणारी. धरण झालं की तीच आधी बुडते, उरते ती वरच्या अंगाची मुरमाड. महाराष्ट्रातल्या कुठल्याही धरणाच्या काठावर जा, हीच कथा ऐकायला मिळेल. मुंबईकरांना यात फार परकं वाटायला नको. आपल्या घरचा नळ ज्या अप्पर वैतरणा धरणावर चालतो, तेही याच नाशिक जिल्ह्यात आहे. आपल्या तहानेसाठीही कुणाची तरी शेतं पाण्याखाली गेलीच.

गंगापूर धरणाचं पाणी कालव्याने खाली गेलं, नाशिक आणि निफाडच्या दिशेला. काठावरचं गाव पाणी बघत बसलं आणि बागा फुलल्या खालच्या अंगाला. नाशिक जिल्ह्यात खाण्याच्या द्राक्षांची सुरुवात खरं तर त्याच्याही आधीची. १९२५च्या सुमारास ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षबाग लावली, ती या उद्योगाची नांदी मानली जाते. नंतर विहिरी, कालवे, ठिबक आणि थॉमसन सीडलेस हे बिनबियांचं वाण आलं. निफाड, पिंपळगाव, दिंडोरी ही नावं द्राक्षाच्या पेटीवर झळकायला लागली. धरणाच्या वरच्या काठाला मात्र अजून कुणी विचारत नव्हतं.

सिलिकॉन व्हॅलीतून थेट गवताच्या रानात

नव्वदच्या दशकात राजीव सामंत हा मुंबईचा तरुण स्टॅनफर्डला शिकून, कॅलिफोर्नियात ओरॅकलमध्ये नोकरी करून परत आला. नोकरी सोडून शेती? तेव्हा लोकांनी काय म्हटलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल! धरणाजवळ त्याच्या कुटुंबाची जमीन होती. आंबा, गुलाब, साग, खाण्याची द्राक्षं असे प्रयोग करून झाले. मग त्याच्या डोक्यात आलं, की इथली हवा वाईनच्या द्राक्षाला चालण्यासारखी आहे, तर तेच का नको? कॅलिफोर्नियाचे वाईनतज्ज्ञ केरी डॅमस्की मदतीला आले. १९९७मध्ये सॉव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या दोन पांढऱ्या वाणांची लागवड झाली आणि २०००मध्ये पहिली वाईन बाजारात आली. कंपनीला नाव दिलं आईचं. आई सुलभा, म्हणून वाईन ‘सुला’. लेबलवरच्या त्या मिशीवाल्या सूर्यामागे एक साधं मराठी घर आहे, हे किती जणांना ठाऊक असतं?

महाराष्ट्रात वाईन करणारा तो काही पहिला नव्हता. पुणे जिल्ह्यात नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडाजने ऐंशीच्या दशकातच स्पार्कलिंग वाईन काढली होती. तीही थेट फ्रान्सला पाठवण्याच्या जिद्दीने! आणि घरगुती वाईनचं म्हणाल, तर बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत, गोराईत किंवा मरोळच्या गावठाणात तुमचा एखादा ईस्ट इंडियन मित्र असेल, तर नाताळच्या आधी त्याच्या घरात बरणीत मुरत पडलेली द्राक्षं तुम्ही पाहिलीच असतील. आपल्या आजीच्या कपाटातली द्राक्षासवाची बाटली आठवते? तेसुद्धा आंबवलेलं द्राक्षच की! पण गंगावऱ्ह्याच्या शेजारी जे घडलं ते वेगळं होतं. इथे वाईनसोबत ती पिकवणारं गावही लोकांना दाखवायचं ठरलं.

दोनदा कात्री, एकदाच पीक

थोडं शेतीचं बोलू. घाबरू नका, परीक्षा नाही!

युरोपात द्राक्षवेल थंडीत झोपते. पानं गळतात, वसंतात ती जागी होते आणि सप्टेंबरच्या आसपास द्राक्षं तोडतात. आपल्याकडे अशी कडाक्याची थंडी पडत नाही, त्यामुळे वेल झोपतच नाही. मग शेतकरी तिला कात्रीने वेळापत्रक लावून देतो. एप्रिलच्या आसपास पहिली छाटणी, ती खरड छाटणी. तेव्हा बाग अगदी बोडकी दिसते. नंतर काड्या वाढतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडाची तयारी आतल्या आत सुरू होते. पावसाळा संपला की साधारण ऑक्टोबरमध्ये दुसरी, फळछाटणी. मग फुटवे, फुलोरा, घड. जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी.

म्हणजे आपण उत्तर गोलार्धात असूनही नाशिकचं वाईन कॅलेंडर फ्रान्सपेक्षा ऑस्ट्रेलिया आणि चिलीच्या जवळ जातं. कारण सरळ आहे. घड पावसात सापडला, तर कुजणार. म्हणून फळ कोरड्या हिवाळ्यात आणायचं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. जानेवारीत दिवसा ऊन आणि रात्री स्वेटर काढायला लावणारा गारवा. उन्हाने साखर भरते, गारव्याने आंबटपणा टिकतो. चांगल्या वाईनला दोन्ही लागतात. तोडणीही शक्यतो भल्या पहाटे करतात, म्हणजे घड थंड असतानाच वायनरीत पोचतात. एका बाटलीला साधारण एक किलोच्या वर द्राक्षं लागतात.

आता त्या द्राक्षाचं रूप बघा. बाजारातलं थॉमसन लांबट, मोठं, बिनबियांचं आणि कुरकुरीत. वाईनचं द्राक्ष बारकं, जाड सालीचं, आत बिया. रंग आणि वास सालीत असतो, त्यामुळे वाईनवाल्याला तसंच हवं असतं. एकराला माल कमी घ्यायचा, पण गोडी भरायची. तोंडात टाकलंत तर गोड लागेल, पण बिया थुंकता थुंकता पुरेवाट होईल!

आणि या गावांच्या गोष्टीतली कळीची बाब इथेच आहे.

एकच गिऱ्हाईक

खाण्याच्या द्राक्षाचा भाव पडला, तर शेतकऱ्याला चार वाटा असतात. एक्स्पोर्ट नाही झालं तर वाशी मार्केट, वाशी नाही तर लोकल, तेही नाही तर बेदाणे. वाईनच्या द्राक्षाला एकच वाट. वायनरीने घेतलं तर घेतलं, नाहीतर मंडईत ते कुणी हातात धरत नाही. बाग लावल्यावर पहिलं खरं पीक यायला दोन-तीन वर्षं जातात. मांडव, तारा, ठिबक, कलमं, सगळा पैसा आधी ओतायचा आणि मग एकाच गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत बसायचं.

२००१मध्ये महाराष्ट्र सरकारने वाईन धोरण आणलं. राज्यात पिकलेल्या द्राक्षांच्या वाईनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, परवाने सोपे झाले, निफाड तालुक्यात विंचूरला वाईन पार्क उभं राहिलं. आयटीचा बूम होता, पगार वाढत होते, पेज थ्रीवर सगळ्यांच्या हातात वाईनचा ग्लास दिसायचा. बघता बघता वायनऱ्यांची संख्या साठ-सत्तरच्या घरात गेली. शेतकऱ्यांनी धडाधड शिराझ, कॅबर्ने, शेनिन लावली. आपल्या शिवारात फ्रेंच नावाची वेल, याचं केवढं अप्रूप!

मग २००८ उजाडलं. जगभर मंदी आली. नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला आणि हॉटेलं ओस पडली. भारतात वाईन तोवर मुख्यतः मोठ्या हॉटेलांत आणि रेस्टॉरंटमध्येच खपत होती. टाक्या भरलेल्या आणि गिऱ्हाईक गायब. तेव्हाची देशातली सगळ्यात मोठी वाईन कंपनी इंडाज कर्जात बुडाली आणि पुढे अवसायनात गेली. शेतकऱ्यांची देणी थकली. २००९-१०च्या सुमारास कितीतरी जणांनी वाईनच्या बागा उपटल्या आणि पुन्हा खाण्याची द्राक्षं नाहीतर भाजीपाला धरला. अंधेरीतल्या एखाद्या पबमध्ये आपण बिल बघून ‘जाऊ दे, बिअर सांग’ म्हणालो, त्याचा धक्का निफाडच्या मांडवापर्यंत असा पोचला होता.

पाहुणे आले आणि वाचलो

या पडझडीत धरणाकाठची गावं तगली ती कशामुळे? कारण इथे गिऱ्हाईक स्वतःच गाडी चालवत दाराशी यायला लागलं होतं.

२००५मध्ये सुलाने इथे टेस्टिंग रूम उघडली, वायनरीतली देशातली पहिली. ग्लासमध्ये घोटभर वाईन ओतून ‘बघा, हुंगा, चाखा’ म्हणणारं कुणीतरी समोर उभं असणं, हे तेव्हा नवलच होतं. २००८मध्ये मळ्यातल्या अँफीथिएटरमध्ये सुलाफेस्ट सुरू झाला, मग धरणाच्या काठावर रिसॉर्ट आलं. शेजारी गंगावऱ्ह्यात यॉर्क वायनरी उभी राहिली. (नावावर जाऊ नका, इंग्लंडशी काही संबंध नाही. मालकांच्या तीन मुलांच्या नावांची आद्याक्षरं जोडून ते झालंय!) २०२१मध्ये ती सुलाने विकत घेतली. त्याच पट्ट्यात सोमा वाईन व्हिलेज आलं. एमटीडीसीनेही पाण्याकाठी रिसॉर्ट काढलं, त्याचं नाव अर्थातच ‘ग्रेप पार्क’. बोट क्लब आला. ज्या उतारांवर गवताशिवाय काही नव्हतं, तिथे वर्षाला लाखोंच्या घरात माणसं यायला लागली.

हे लोण मग पसरलं. इगतपुरी तालुक्यात मुकणे धरणाच्या काठावर व्हॅलोने, सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा, दिंडोरीत फ्रान्सच्या मोएट हेनेसीची शांदों. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला जीआय मानांकनही मिळालंय. पैठणी आणि कोल्हापुरी चपलेला मिळालंय ना, तेच!

पाहुण्यांमुळे गावाला काय मिळालं? हंगामी मजुरीच्या पलीकडची कामं. ड्रायव्हर, कुक, हाऊसकीपिंग, गाईड, टेस्टिंग रूममधली नोकरी. घराच्या दोन खोल्या भाड्याने देणं, रस्त्याकडेला मिसळीचं हॉटेल काढणं. नाशिकची मिसळ आणि शेनिन ब्लां ही जोडी कुठल्याही फ्रेंच पुस्तकात सापडणार नाही, पण तर्री आणि गार गोडसर वाईन यांचं जमतं, बरं का!

पण एक गोष्ट लक्षात घ्या. तुम्ही जे मळे बघता, तेवढ्यावर या वायनऱ्या चालत नाहीत. द्राक्षाचा मोठा वाटा दिंडोरी, निफाडसारख्या भागांतल्या करारावरच्या शेतकऱ्यांकडून येतो. करार दहा-बारा वर्षांपर्यंतचे असतात. २००९च्या अनुभवानंतर तो कागद शेतकऱ्याला किती मोलाचा वाटत असेल, ते सांगायला नको. फोटो धरणाकाठचा आणि घाम दिंडोरीचा, असा हा मामला.

पुढचा घोट कुणाचा?

२७ जानेवारी २०२२ला राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा काय गदारोळ झाला ते आठवत असेल. वाईन म्हणजे दारू की नाही, यावर चॅनेलांवर रात्र रात्र चर्चा. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. सरकार म्हणत होतं, शेतकऱ्याचा फायदा आहे. विरोधक म्हणत होते, घराघरात बाटली पोचेल. काही महिन्यांत सरकारच बदललं आणि निर्णय कागदावर राहिला. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य होतं. दारूने घरं बसलेली या राज्यात कमी नाहीत, आणि एकच गिऱ्हाईक असलेला शेतकरी दुसरं दुकान उघडायची वाट बघतोय हेही खरं.

डिसेंबर २०२२मध्ये सुलाचा शेअर बाजारात आला, ३५७ रुपयांना. तुमच्यापैकी काहींनी आयपीओला अर्जही टाकला असेल. २०२४च्या सुरुवातीला तो जवळपास दुप्पट झाला आणि २०२५मध्ये इश्यू प्राइसच्याही खाली आला. म्हणजे वाईनचं गाव आता दलाल स्ट्रीटवरही चढ-उतार बघतंय.

त्यात हवामान. २६ नोव्हेंबर २०२३ला नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली आणि ऐन बहरातल्या बागांचे तुकडे झाले. २०२५मध्ये पाऊस मे महिन्यात आला तो ऑक्टोबरअखेरपर्यंत ठाण मांडून बसला. फळछाटणी करावी की थांबावं, कळेना. डाऊनी नावाचा बुरशीचा रोग अशा ओल्या हवेची वाटच बघत असतो. कात्रीने लावलेलं वेळापत्रक पावसाने मोडलं, तर शेतकऱ्याच्या हातात औषधाचा पंप तेवढा उरतो.

आणि ते देखणं तळं? नाशिक शहराचं पिण्याचं पाणी त्यातूनच येतं. वरून समन्यायी पाणीवाटपाचा २००५चा कायदा आहे. मराठवाड्यात जायकवाडीत पाणी कमी असेल, तर वरच्या धरणांनी खाली पाणी सोडायचं, असं तो सांगतो. त्यावरून नाशिक आणि मराठवाड्यात जवळजवळ दर दुष्काळी वर्षी जुंपते. २०२३च्या नोव्हेंबरातही तेच झालं. सनसेटच्या फोटोतलं पाणी असं तीन-चार जणांत आधीच वाटून झालेलं असतं.

शेवटचा आणि कदाचित सगळ्यात मोठा प्रश्न जमिनीचा. गंगापूर-सावरगाव रस्त्यावर जाताना बोर्ड वाचत जा. व्हिला, सेकंड होम, फार्महाऊस प्लॉट, ‘व्हाइनयार्ड व्ह्यू’. वेल बारा-पंधरा वर्षं जपायची, गारपिटीला तोंड द्यायचं आणि वायनरीच्या चेकची वाट बघायची, की प्लॉट पाडून एकरकमी मोकळं व्हायचं? ज्याच्या नावावर सातबारा आहे, त्याला हा हिशेब आपल्यापेक्षा जास्त चांगला कळतो. आणि तो विकतो म्हणून त्याला नावं ठेवायचा आपल्याला काय अधिकार? घेणारे बहुतेक आपल्यासारखेच शहरातले. फक्त गणित एवढंच आहे, की सगळ्यांनीच द्राक्षाचा मळा बघायला बंगला बांधला, तर बघायला मळा उरणार नाही.

धरण झालं तेव्हा या गावांना कुणी विचारलं नव्हतं. वाईन आली तीही बाहेरूनच, पण तिने निदान गावात कामं आणली. आता तिसरी लाट प्लॉटिंगची आहे. ती परतवायची ताकद कुठल्या धोरणात असेल तेव्हा असेल. सध्या तरी ती, द्राक्ष लावणं परवडतंय की नाही, एवढ्या एकाच गोष्टीत आहे. आणि ते ठरतं बाटली विकली जाते की नाही, यावर.

जाताय? मग हे वाचा

कधी जाल? जानेवारी ते मार्च हा तोडणीचा हंगाम. घड बघायचे, द्राक्षं पायाने तुडवायची हौस भागवायची, तर हेच दिवस. जुलै-ऑगस्टमध्ये सगळं हिरवंगार आणि धरण भरलेलं असतं, पण वेलीवर फळ नसतं. एप्रिल-मेमध्ये गेलात तर छाटलेले बुंधे बघून ‘अरे, हेच का ते?’ म्हणाल.

ड्राय डे तपासा. २६ जानेवारीचा लाँग वीकेंड बघून हौसेने निघालात, तर टेस्टिंग रूम बंद मिळू शकते!

ड्रायव्हर कोण, हे निघण्याआधी ठरवा. टेस्टिंगचे चार-पाच घोट ‘काय होतंय’ वाटायला लावतात, पण परतीच्या वाटेवर कसारा घाट आहे. एकाने कोरडं राहायचं, नाहीतर मुक्काम करायचा. गाडीच नको असेल तर ठाण्याहून ट्रेन पकडा, नाशिक रोडला उतरा आणि पुढे टॅक्सी करा.

चव कशी घ्याल? ग्लास देठाशी धरा, म्हणजे हाताच्या उबेने वाईन तापत नाही. हलकेच फिरवा, मग वास घ्या. सॉव्हिन्यों ब्लांमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा किंवा नुकत्याच कापलेल्या गवताचा वास येतो का बघा. शेनिनमध्ये पेरू, अननस शोधा. नाही सापडलं तर लाजू नका, दुसऱ्या घोटाला सापडतं!

नुसत्या वाईनवर थांबू नका. येता-जाता सोमेश्वरचा धबधबा, आनंदवल्लीचा नवश्या गणपती आणि गंगापूर गाव बघा. टूरमध्ये वायनरीच्या टाक्या दाखवतात, तेव्हा गाईडला एक प्रश्न जरूर विचारा, ‘‘ही द्राक्षं कुठल्या गावातली?’’ काही बाटल्यांच्या लेबलवर मळ्याचं नाव असतं, बऱ्याचशांवर नसतं. उत्तर मिळालं, तर ते गाव नकाशावर शोधा. बहुतेक वेळा ते तुमच्या परतीच्या वाटेपासून तास-दीड तासावर असेल, आणि फेब्रुवारी असेल तर तिथे तोडणी चालू असेल.